वचनाचा अर्थ कोणी लावायचा?

बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचं एक पुस्तक आहे. येशूच्या मागे त्याच्या शिष्यांचं काय झालं, पहिल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या, याची हकिकत त्यात येते. त्याच्या आठव्या अध्यायात एक रथ वाळवंटाच्या वाटेने चालला आहे. रथात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार बसला आहे. यरुशलेमेची यात्रा करून तो घरी परततो आहे आणि वाटेत यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचतो आहे. फिलिप्प नावाचा येशूचा अनुयायी धावत रथापाशी येतो आणि विचारतो, वाचता आहात ते कळतंय का? खजिनदार सरळ सांगतो की कोणी उलगडून सांगितल्याशिवाय मला कसं कळणार? आणि फिलिप्पाला वर, आपल्या शेजारी बसवून घेतो.

आता नऊ अध्याय पुढे या. बिरुया नावाच्या गावात पौल उपदेश करायला आला आहे. लोक त्याचं म्हणणं मन लावून ऐकतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. हा सांगतो ते खरं आहे का, हे पाहायला ते रोज शास्त्र उघडून बसतात. उपदेश करणारा प्रत्यक्ष पौल आहे, तरी तपासतात! आणि पुस्तकाचा लेखक त्यांना उद्धट म्हणत नाही. शेजारच्या गावातल्या लोकांपेक्षा हे मोठ्या मनाचे, असं म्हणून त्यांचं कौतुक करतो.

एकाच लेखकाने, एकाच पुस्तकात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. एक वाचक म्हणतो, मला सांगणारा हवा. दुसरे म्हणतात, सांगणाऱ्यालाही आम्ही पडताळून घेऊ. बायबलचा अर्थ माणसाने स्वतः लावायचा की चर्चने लावलेला स्वीकारायचा, हा वाद पुढे शतकानुशतकं चालला. त्यापायी राज्यं फुटली, माणसं जिवंत जाळली गेली. मला थक्क करणारी गोष्ट ही, की ज्या ग्रंथावरून हे भांडण झालं, त्या ग्रंथाने दोन्ही पक्षांना आधीच जागा देऊन ठेवली होती.

वादाकडे जाण्याआधी तो ग्रंथ डोळ्यांसमोर आणू या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चौथ्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, कोडेक्स सिनायटिकस. चामड्याच्या पानांवर बहुतेक ठिकाणी चार चार उभे रकाने, त्यात ग्रीक भाषेतली मोठी अक्षरं एकापुढे एक लावत नेलेली. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. आपल्या ओळखीची विरामचिन्हं नाहीत. अध्याय आणि वचनांचे आकडेही आजच्यासारखे नाहीत. आज आपण 'योहान तीन, सोळा' असं सहज म्हणतो, पण बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताने पाडले, असं मानतात, आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ मध्ये. शब्द कुठे तोडायचा, वाक्य कुठे थांबवायचं, हे सगळं नंतरच्या माणसांनी ठरवलं आहे.

एवढ्याशा थांबण्याने काय होतं, ते लूकच्या शुभवर्तमानातल्या तेविसाव्या अध्यायात दिसतं. वधस्तंभावरचा येशू शेजारच्या गुन्हेगाराला शब्द देतो की तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या वाक्यात 'आज' असा एक शब्द आहे. स्वल्पविराम 'आज'च्या आधी टाकला तर तो गुन्हेगार आजच सुखलोकात पोचणार. 'आज'च्या नंतर टाकला तर येशू एवढंच म्हणतो की मी आज तुला सांगतो. तो तिथे कधी पोचणार ते मोकळं राहतं. बहुतेक चर्चं पहिला अर्थ घेतात, यहोवाचे साक्षीदार दुसरा घेतात. मेल्यावर आत्म्याचं काय होतं, याविषयीच्या दोन वेगळ्या श्रद्धा त्या एका टिंबाएवढ्या खुणेला टेकल्या आहेत, आणि मूळ पानावर ती खूणच नाही.

दाराला कडी लावून, दिव्याखाली एकटं बसून बायबल वाचणारा माणूसही खरं तर गर्दीत बसलेला असतो. शब्द तोडणारे, विरामचिन्हं टाकणारे, भाषांतर करणारे असे कितीतरी हात त्याच्या पानावरून फिरून गेलेले असतात.

आणि कोणती पुस्तकं बायबलमध्ये असावीत, हे कोणी ठरवलं? कॅथलिक बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. बायबलमध्ये बायबलची अनुक्रमणिका कुठेही दिलेली नाही. सिनायटिकसमध्ये 'बर्णबाचं पत्र' आणि 'हर्मासचा मेंढपाळ' अशी दोन लिखाणं आहेत, जी आजच्या कुठल्याही छापील नव्या करारात सापडणार नाहीत. आज ज्या सत्तावीस पुस्तकांना नवा करार म्हणतात, नेमक्या त्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला पहिल्यांदा मिळते ती इसवी सन ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांनी ईस्टरनिमित्त पाठवलेल्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, आणि एका बिशपच्या लेखणीतून. मग ज्या मंडळीने ग्रंथ निवडला, जपला, नकलून पुढच्या पिढीच्या हाती दिला, तिलाच त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार का नसावा? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. जुन्या करारातल्या पुस्तकांवर तर आजही एकमत नाही: कॅथलिक बायबलमध्ये एकूण ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा तितकाच भक्कम आहे आणि त्याला एक चेहरा आहे. १५२१ च्या एप्रिलमध्ये वर्म्स शहरात सम्राटापुढे उभ्या असलेल्या मार्टिन लूथर या जर्मन संन्याशाला विचारण्यात आलं, चर्चवर टीका करणारं तू लिहिलेलं मागे घेतोस का? त्याच्या उत्तराचा आशय असा होता की शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने माझी चूक दाखवा. पोपच्या किंवा परिषदांच्या नुसत्या शब्दावर मी माघार घेणार नाही. लगेच त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपावं लागलं. तिथे दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात राहून त्याने सुमारे अकरा आठवड्यांत सगळा नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला. तो १५२२ च्या सप्टेंबरात छापून निघाला आणि डिसेंबरात त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. ज्या लोकांनी आजवर पुस्तक दुरून, वेदीवर ठेवलेलं पाहिलं होतं, त्यांच्या घरात ते आलं, त्यांच्या बोलीत.

मग जे झालं ते लूथरलाही झेपलं नाही. १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या छापल्या: वेठबिगारी नको, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे आम्हालाही मिळू देत, आमचा पाळक आम्हाला निवडू दे. प्रत्येक मागणीच्या समासात बायबलमधले दाखले होते. आणि शेवटचं कलम तर लूथरच्या वर्म्समधल्या उत्तराचाच प्रतिध्वनी वाटतं: यातली कुठलीही मागणी देवाच्या वचनाविरुद्ध आहे असं दाखवून द्या, आम्ही ती सोडून देऊ. उठाव पेटला तेव्हा लूथरने राजेरजवाड्यांना तो निर्दयपणे चिरडायला सांगितलं. हजारो शेतकरी मारले गेले. ज्याने वाचायला शिकवलं, त्याला वाचणाऱ्यांनी काढलेला अर्थ सहन झाला नाही. लूथरच्या आयुष्यातली ही गोष्ट मला कधीच ओलांडून जाता येत नाही.

चारच वर्षांनी, १५२९ च्या ऑक्टोबरात, मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघांनी पोपचा अधिकार झुगारला होता, दोघांना ग्रीक येत होतं, दोघांना फक्त शास्त्राचा आधार चालत होता. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचं जुळलं. अडलं ते प्रभुभोजनावर. शेवटच्या रात्री भाकर हातात घेऊन येशू म्हणतो की हे माझं शरीर आहे. लूथरने टेबलावर खडूने हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि त्यावरून तो हलेना: 'आहे' म्हणजे आहे. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तेव्हा तो काही वेल होत नाही. लूथरने झ्विंग्लीला भाऊ मानायला नकार दिला. लूथरपंथी आणि सुधारित मंडळ्या वेगळ्या वाटांनी गेल्या.

हे डोळ्यांसमोर असताना कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत घेतलेला निर्णय समजू शकतो. कोणीही स्वतःच्या बुद्धीच्या भरवशावर शास्त्राचा अर्थ मातृसमान चर्चच्या अर्थाविरुद्ध वळवू नये, असा तो ठराव आहे. त्यात सत्ता टिकवण्याची धडपड होतीच. पण त्यात भीतीही होती, आणि ती भीती उगाच नव्हती.

चर्चने सांगावं आणि लोकांनी ऐकावं या रीतीतून नुसती सक्तीच जन्मली, असंही नाही. गोव्यातल्या राशोल इथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' छापलं. त्यांनी बायबलचं भाषांतर नव्या ख्रिस्ती झालेल्यांच्या हाती दिलं नाही. आदामापासून येशूपर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत पुराणासारखी सांगितली, वरिष्ठांच्या परवानगीने. ते गावोगावच्या चर्चमध्ये वाचलं जाई आणि लोक ऐकत. तिथे अर्थ लावायला वाव थोडाच होता. पण मराठीचा तो गोडवा आजही कानात राहतो.

आता मी ज्यांच्यासाठी हा सगळा विषय लिहायला घेतला, त्या बाईंकडे येतो.

पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना उडुपीला धर्माधिकाऱ्यांपुढे जाऊन आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. त्याच आईने रमाबाईंना शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. तरीही वेद त्यांच्यासाठी बंदच होते, कारण त्या बाई होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. भावाबरोबर त्या पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथे ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला सांगितलं. तिथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासताना त्यांना दिसलं, की एरवी एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर मात्र एकमताने बोलतात, ती म्हणजे बायकांची नालायकी. पुढे लग्नानंतर सिल्चरला, घरातल्या पुस्तकांत, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांना सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

नवरा गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला, वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे गेल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक निवारा चालवत. रमाबाई तो पाहायला गेल्या आणि हरखून गेल्या. अशा बायकांवर इतकी माया का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय जरा जवळून पाहण्यासारखा आहे. भर दुपारी विहिरीवर बसलेला येशू पाण्याला आलेल्या एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांना शिवत नसत. तिचे पाच नवरे होऊन गेलेले. शिष्य परत येतात तेव्हा आपला गुरू एका बाईशी बोलतोय हेच पाहून चकित होतात. ती बाई मात्र येशूला धर्माचा प्रश्न विचारते: आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमेतच करायचं, खरं काय? येशू म्हणतो की अशी वेळ येते आहे, जेव्हा ते ना या डोंगरावर होईल ना यरुशलेमेत. खरे भक्त आत्म्याने आणि खरेपणाने भजन करतील. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते आणि लोकांना बोलावून आणते. गावकरी येतात, येशूला दोन दिवस ठेवून घेतात, आणि शेवटी त्या बाईला जे सांगतात ते मी कितीदा वाचलं तरी नवंच वाटतं: आता आम्ही केवळ तुझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलं आहे.

ती आली नसती तर त्यांना कळलंच नसतं. आणि तिच्या शब्दावरच ते थांबले असते, तर ते कळणं त्यांचं झालं नसतं. माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर या एका वाक्यात आहे. रमाबाईंना हा अध्याय वाचून दाखवला तो चर्चच्याच एका सिस्टरने, हेही विसरता येत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या. तिथून त्यांच्या आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रव्यवहाराला धार चढली. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. रमाबाई तिला 'आजीबाई' म्हणत. मायेत कमी नव्हतं. पण सिस्टरची अपेक्षा अशी, की नवा बाप्तिस्मा झालेल्या माणसाने लेकराच्या नम्रतेने चर्चची शिकवण घ्यावी. रमाबाईंना प्रश्न होते. एकच देव तीन कसा? येशू देवाच्या बरोबरीचा, हे बायबल नेमकं कुठे म्हणतं? अथानेशियसच्या नावाने चालत आलेला विश्वासाचा मसुदा त्यांनी स्वीकारायला नकार दिला. (ज्यांच्या पत्रात सत्तावीस पुस्तकांची यादी पहिल्यांदा सापडते, तेच हे अथानेशियस; तो मसुदा मात्र त्यांनी लिहिलेला नव्हता, असं अभ्यासक आता मानतात.)

भगिनींच्या गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, आमचे ब्राह्मण संस्कृतला देवभाषा मानतात तसंच तुम्ही लॅटिनला मानता का? क्रुसावर काही लिहायचंच असेल तर ते संस्कृतमध्ये असू दे. ती पवित्र म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा म्हणून. मुलग्यांना शिकवण्याची संधी आली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने मला पुरुषांपुढे शिकवायला कधी आडकाठी केली नाही आणि इथे मात्र हरकत घेतली जाते, याचं आश्चर्य वाटतं. आणि १८८५ च्या मे महिन्यात त्यांनी सिस्टरला स्पष्ट लिहिलं: भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, धर्मगुरूंकडून येणारं सगळं देवाची आज्ञा म्हणून मानून मी तसलंच दुसरं जू आता मानेवर घेणार नाही.

वय सत्तावीस. परका देश, हातात तुटपुंजा पैसा, पदरात लहान मुलगी, आणि ज्यांच्या आधाराने राहायचं त्यांनाच हे सांगायचं! सिस्टरला यात गर्व दिसला. मला यात बिरुयाचे लोक दिसतात.

सिस्टरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तिला खरी काळजी वाटत होती. आपल्या देखरेखीखाली बाप्तिस्मा झालेली ही तल्लख मुलगी स्वतःच्या बुद्धीच्या जोरावर भलतीकडे वाहवत जाईल, ही तिची भीती पत्रापत्रातून जाणवते. पण तिचं स्वतःचं चर्च, इंग्लंडचं चर्च, १५३४ मध्ये पोपला नकार देऊनच वेगळं झालं होतं. नकार देण्याचा हक्क एका राजाला असेल, तर एका मराठी विधवेला का नसावा? कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना हे बरंचसं उमगलं होतं. प्रश्न विचारणाऱ्या मनाला घाईने गप्प करू नये, अशी त्यांची वृत्ती होती.

पुढे रमाबाई स्वतः पारंपरिक ख्रिस्ती श्रद्धेच्या पुष्कळ जवळ आल्या. १८९१ च्या सुमारास त्यांना आतून पालट झाल्यासारखं वाटलं. आधी धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता मिळाला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं. सिस्टरला जिथे त्यांना १८८५ मध्ये नेऊन उभं करायचं होतं, तिथे त्या जवळपास पोचल्या, पण स्वतःच्या पायांनी. आणि त्यानंतरही कुठल्या एका पंथाच्या झाल्या नाहीत.

केडगावला त्यांनी 'मुक्ती' ही आश्रयसंस्था उभारली. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या कितीतरी मुली तिथे आल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात, संस्थेचा सगळा पसारा सांभाळत, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कारण त्यांना बायबल मराठीत आणायचं होतं, आणि आधीच्या भाषांतरांवर विसंबून आणायचं नव्हतं. आधीची मराठी भाषांतरं त्यांना पंडिती वाटत. खेड्यातल्या, थोडंसंच लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. दीड दशकाहून अधिक काळ त्या या कामात होत्या. मुक्तीतल्या छापखान्यात तिथल्या मुलीबायकांनी खिळे जुळवले आणि पानं छापली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा त्यांनी काम नुकतंच हातावेगळं केलं होतं. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे, १९२४ मध्ये छापून पुरं झालं.

स्वतःच अर्थ लावायचा हट्ट धरणाऱ्या माणसाने त्याची किंमत कशी मोजावी, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी हुकूम नाकारला, पण मदत कधी नाकारली नाही. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे, वाँटेजच्या भगिनी, मिस बील, हिब्रू-ग्रीकची व्याकरणं, सगळ्यांकडून घेतलं. 'मला असं वाटतं' एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर सिस्टरचा गर्वाचा आरोप खरा ठरला असता.

एक टोचणारी गोष्ट मात्र उरते. १८९३ मध्ये, रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदनातून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतलं, कारण सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे, अशी तक्रार होती. रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलावत नाही. पण जिने आसरा दिला, तिच्या उघड्या दारापुढून जाणाऱ्या एखाद्या बालविधवेला खरंच किती मोकळीक होती? आणि पुढे मुक्तीत, जिथे रोजचा दिवसच प्रार्थनेने सुरू होई, तिथल्या मुलींना रमाबाईंशी असहमत होण्याची मुभा किती असेल? ज्यांनी सिस्टरला तशी पत्रं लिहिली, त्यांना तशी पत्रं लिहिणारी मुलगी मुक्तीत निघाली असती, तर त्यांना आनंद झाला असता, असं मला मनापासून वाटतं. ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक याच वाटेने पुढे गेले. रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी आधी स्वतः वाचला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा भक्तसमुदाय उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. संस्थेशिवाय विचार टिकणं किती अवघड असतं, ते इथे दिसतं. रमाबाईंचं केडगाव टिकलं, कारण त्यांनी संस्था बांधली.

आणि चर्चही जागच्या जागी राहिलं नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की पवित्र शास्त्राची दारं सर्व श्रद्धाळूंना सताड उघडी असावीत. ट्रेंटनंतर चारशे एकोणीस वर्षांनी! अर्थ सांगण्याचा अखेरचा अधिकार चर्चने सोडला नाही, पण पुस्तक लोकांच्या हाती दिलं. त्याचं मराठीतलं फळ म्हणजे वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'. रमाबाईंना जे साध्या वाचकासाठी हवं होतं, ते शतकभराने एका फादरनेही केलं.

माझा निवाडा स्पष्ट आहे. फिलिप्पाला रथात बसवून घ्यावं, आणि घरी गेल्यावर बिरुयाच्या लोकांसारखं सगळं तपासावं. जे चर्च तपासू देत नाही ते खजिनदाराच्या नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी रथात चढलं आहे. आणि जो वाचक कोणालाच रथात घेत नाही, त्याला यशया कळणार नाही.

वाचकांना एक विनंती. रमाबाईंचा हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे, संपादन अ. भि. शहा यांचं. त्यातली पत्रं जपून, जुळवून ठेवली होती ती सिस्टर जेराल्डिननेच. जिचे शब्द इतके लागले, तिचीच पत्रं तिने फाडली नाहीत. मोठ्या ग्रंथालयांत हा ग्रंथ मिळतो. तो मिळवा, योहानाचा चौथा अध्याय शेजारी ठेवा, आणि रमाबाईंच्या पत्रांबरोबर आजीबाईंचीही पत्रं वाचा.